क्रुमच्या गाडीचे ब्रेक

३ ऑक्टोबर २००५

क्रुम,

हे पत्र गाडीबद्दल आहे. त्यात दुसरं काही शोधत बसू नकोस. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्याकडे स्पेनला जाणाऱ्या बसवाल्या हारालाम्पीच्या हाती देते आहे. तो आधी कुरकुरला. "रुमेनाताई, भांडण तुम्हा भावाबहिणीचं, आणि पोस्टमन मी का?" मधाची बाटली पुढे केली तेव्हा पत्र खिशात गेलं.

तर तू अंगणात सोडून गेलास ती तुझी जुनी जर्मन गाडी आता मी चालवते. हौस म्हणून नाही. आईच्या किडन्या निकामी झाल्या आहेत हे तुला ठाऊक आहे. आठवड्यातून तीनदा तिला घाटाखाली स्मोल्यान शहरात नेऊन डायलिसिसच्या मशीनला जोडावं लागतं, त्याशिवाय ती जगणार नाही. घाट तुला सांगायला नको. वळणं तीच आहेत, आणि कठड्याचे दगड अजूनही दरीतच पडलेले आहेत.

काही दिवसांपासून ए.बी.एस.चा पिवळा दिवा पेटतो, कधीकधी त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल. चावी फिरवली की बॉनेटखालचा ब्रेकचा पंप घुं-घुं करत सुरू होतो. पूर्वी तो लगेच गप्प व्हायचा, आता थांबायचं नाव घेत नाही. बॉनेट उघडून पाहिलं. पंपाच्या बुडाशी ओल आहे आणि खालच्या पत्र्याचा रंग पोपडे धरून निघालाय. म्हणजे ब्रेक फ्लुइड गळतंय. डब्यातली पातळीही उतरली होती, मी भर घातली. तू तिथे गॅरेजमध्ये काम करतोस, तेव्हा एवढंच सांग, हा पंप खोलून दुरुस्त करता येतो का?

उजवीकडचा आरसा तुटलाय. एक गाय आडवी आली होती. ब्रेकचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आई बरी आहे. पाय सुजतात, पण तोंड पूर्वीसारखंच चालू आहे.

रुमेना


१६ ऑक्टोबर

क्रुम,

तुझा निरोप पोचला. हारालाम्पीने बसच्या दारातूनच ओरडून सांगितला, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा. "भाऊ म्हणाला, पंप खोलायचा नाही! नवा घ्या! आणि तिला म्हणावं, शहाणपणा नको!"

मी विचारलं, "आणखी काय म्हणाला? आईचं काही विचारलं का?" त्यावर तो लोकांच्या पिशव्या काढायला लागला.

नवा पंप इथे मिळत नाही. जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडे एक होता, तो आपल्यापेक्षा वाईट. आणि शहाणपणाचंच म्हणशील तर गावच्या फॅक्टरीत तू पंप जोडायचास, आणि ते गळतात का हे मी तपासायचे. तुझे किती पंप मी परत पाठवले होते ते आठव. म्हणून मी शहाणपणा केलाच.

चावी बंद ठेवून ब्रेक दाबत राहिले, पंपावरच्या त्या काळ्या गोळ्यातला दाब संपून पेडल कडक होईपर्यंत. त्या दाबाची मला फॅक्टरीपासूनच धास्ती आहे, बोट कापून नेतो तो. मग पंप उतरवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलला. आतली एक रबरी रिंग चपटी होऊन चिरली होती. आजार एवढाच. फॅक्टरी बंद पडली तेव्हा जो तो खिसे भरून रिंगा घरी घेऊन आला, त्यांच्या बरण्या गावात घरोघरी आहेत. लोक त्यांनी नळ दुरुस्त करतात, पोरी केसांना बांधतात. आपल्या बरणीतून मी मापाची कोरी रिंग काढली, बसवली, पंप जागेवर चढवला. आई चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "टेबलावर आता जेवायचं कसं ते सांग."

तेव्हापासून आम्ही खाली जाऊन येतोय. पंप लगेच गप्प होतो, दोन्ही दिवे विझलेत. अंगणही कोरडं असतं, म्हणजे आई ओतते ते पाणी सोडलं तर. ती अजूनही निघताना तांब्याचं भांडं घेऊन येते आणि गाडीच्या नाकाखाली ओतते, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. मी म्हटलं, "अगं, निघणाऱ्याने स्वतः ओतायचं नसतं. मागे राहणाऱ्याने ओतायचं."

"मागे राहिलंय कोण? बोकड?" असं म्हणून तिने उरलेलंही ओतलं आणि गाडीत बसली.

तेव्हा तुझा नवा पंप तुझ्यापाशीच ठेव.

रुमेना


४ नोव्हेंबर

क्रुम,

मला भीती वाटते आहे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे सरळ लिहिणार नाही.

गाय नव्हती. सप्टेंबरच्या शेवटी घाट उतरताना ब्रेक लागलाच नाही, मी गाडी डोंगराच्या अंगावर घातली आणि खडकाला घासत थांबवली. आरसा तिथे गेला. आई शेजारी होती. दोघींनाही खरचटलंसुद्धा नाही, म्हणून मी घरी येऊन गाय म्हटलं. शेजारच्या सावाकाकांना गाय म्हटलं, तुला गाय लिहिलं, आणि दोन आठवड्यांनी मला स्वतःलाही ती गाय दिसायला लागली होती.

परवा बुधवारी पुन्हा तेच झालं. सेंट पेत्काच्या देवळाखाली रस्ता एकदम पडतो, तिथे. आधी दोन्ही दिवे पेटले. मग पंपाची घरघर सुरू झाली. मी पेडलवर पाय ठेवला तर ते दगड. खाली जातच नाही. दोन्ही पायांनी दाबलं, सीटवरून उठून दाबलं, गाडी आपली चाललीच आहे. दुसरा गिअर टाकला, मग पहिला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला तशी मागची बाजू सरकली. थांबलो तेव्हा माझ्या खिडकीतून खाली लाकूड कापायच्या गिरणीचं छप्पर दिसत होतं. त्याच्यावर एक मांजर बसलेली होती, तीही दिसत होती.

आईने माझ्या मांडीवर हात ठेवला. म्हणाली, "खाली उतरू का?"

मी नको म्हणून मान हलवली.

"मग बसते," ती म्हणाली.

उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक मुठीत धरून उतरले. उतरावंच लागलं, मशीनची पाळी कुणासाठी थांबत नाही. येताना चढ आहे, चढाची भीती नाही.

आज शुक्रवार, आज मी तिला नेलं नाही. बॅटरी उतरली म्हणून सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. आई काही बोलली नाही, क्रुम, कळतंय का तुला? आता संध्याकाळ आहे. तिचा चेहरा सुजलाय आणि बोलताना वाक्याच्या मध्येच तिला दम लागतो. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले, जीव घाईला आला तर येऊ, आठवड्यातून तीनदा नाही येता यायचं. शहरात म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, तिथे ठेवा, दवाखाना जवळ पडेल. आई पलीकडेच बसली होती, तिने ऐकलं.

नेलं तर घाटात मरेल, नाही नेलं तर घरात. मी सकाळपासून हेच एक गणित घेऊन अंगणात फिरते आहे. उद्या सावाकाकांचा लाकडाचा ट्रक खाली जाणार आहे, त्यात तिला चढवता आलं तर बघते.

काय चुकलं माझं? रिंग कोरी होती, माप बिनचूक होतं. तसलीच एक या पाकिटात घालते आहे. बघ आणि सांग. मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण सांग.

रुमेना


१० नोव्हेंबर

क्रुम,

शनिवारी ट्रकने पोचलो. दोन लाकूडतोड्यांनी आईला उचलून वर केबिनमध्ये बसवलं. ती म्हणाली, "लग्नातसुद्धा मला कुणी असं उचललं नव्हतं." मशीनने तिच्या अंगातून इतकं पाणी काढलं की सिस्टर माझ्यावर खेकसली, एक पाळी चुकवलीत, पुढच्या वेळी इथपर्यंत आणायची गरज पडणार नाही. सोमवारी आणि काल पुन्हा ट्रकच होता. पण बर्फ पडला की लाकडं तोडणं बंद आणि ट्रकही बंद. वरच्या शिखरांवर पांढरं दिसायला लागलंय.

आता जे झालं ते ऐक. गाडी आठवडाभर अंगणात उभी होती. काल परत आल्यावर पाहिलं तर तिच्या नाकाखाली फरशीवर डाग. परातीएवढा. बोट लावलं, बुळबुळीत. तेलाचा वास नाही, पेट्रोलचा नाही. मी पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि डाग माझ्या डोळ्यांसमोर विरघळून उताराने वाहून गेला. फरशी स्वच्छ.

मी तिथेच उकिडवी बसले. पंप एक दिवसही कोरडा नव्हता. तो रोज गळत होता, आणि निघायच्या दिवशी आई ते धुऊन टाकत होती. मी मागाहून येऊन ओली फरशी बघायची आणि म्हणायची, हे आईचं पाणी.

आत गेले. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"आई, गाडीखाली गळतंय."

"हो."

"हो म्हणजे? तुला माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून."

"आणि तू मुद्दाम धुत होतीस?"

"पाणी तर मी तशीही ओततेच. जरा जास्त ओतलं."

"अगं पण का? मरायचं होतं का तुला? मला मारायचं होतं?"

तिने पायावरची शाल नीट केली. म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू गाडी भंगारात घातली असतीस. क्रुमची गाडी आहे ती. ती अंगणात आहे तोवर त्याला यायला कारण आहे. एकदा गेली की तो कशाला येतो?"

मी ओरडले तिच्यावर. तू गेलास त्या दिवशी फाटकापाशी तुझ्यावर ओरडले होते तितक्याच मोठ्याने. बाबा गेल्यानंतरचा चाळिसाव्या दिवसाचा विधी चार दिवसांवर होता, तू म्हणालास कामाची जागा जाईल, आणि मी म्हटलं, जा आणि तोंड दाखवू नकोस. तेव्हाही आई सोफ्यावर अशीच शाल नीट करत बसली होती. तुझ्यामाझ्या भांडणाचा तिने आजवर शब्द काढला नाही. ती नुसती गाडी सांभाळत बसली, आणि त्या गाडीने आम्हा दोघींना दरीच्या काठापर्यंत नेलं.

मला तिची भीती वाटते, क्रुम. गाडीपेक्षा जास्त. तिला घाट दिसत होता, आरसा तुटलेला दिसत होता, तरी पुढच्या खेपेला ती भांडं घेऊन बाहेर आली. अशा माणसाला मी कशी जपू?

तुझं उत्तर अजून नाही. घाई कर.

रुमेना


२० नोव्हेंबर

क्रुम,

पार्सल मिळालं. या वेळी हारालाम्पी ओरडला नाही. हातात देताना हळूच म्हणाला, "ताई, तो रात्रीच्या पाळीवरून सरळ स्टँडवर आला होता. मी निघेपर्यंत थांबला, पण बोलला नाही काही."

रिंगा, ब्रेक फ्लुइडचे दोन डबे, तीन संत्री आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठीत माझं नाव नाही, तुझं नाही. "फॅक्टरीच्या रिंगा तेलासाठी असतात. ब्रेक फ्लुइडमध्ये त्या फुगतात. या घाल. सगळं धुऊन घे. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढ." एवढंच. पण मी ती चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली.

जन्मभर अशाच रिंगा तपासल्या मी, आणि जन्मभर माझ्या हातांखालून तेलच गेलं. दुसरा कुठला द्रव असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने बरणीच पुढे केली असती. पंप पुन्हा खोलला तर माझी रिंग फुगून मऊ झालेली, भिजवलेल्या घेवड्याचं साल निघतं तशी ती बोटांत तुटली. एवढ्याशा रबराच्या भरवशावर मी आईला त्या घाटाने नेत होते.

तुझ्या रिंगा घातल्या. आता हवा काढायची तर दोन माणसं हवीत, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. सावाकाका ट्रकबरोबर गेले होते. आई म्हणाली, "मी आहे की." मी नाही म्हटलं. तोवर ती बाबांचे लोकरी मोजे घालून गाडीत जाऊन बसली होती. सुजलेल्या पायात बूट जात नाही.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव! सोडू नकोस!"

"ओरडू नकोस. म्हातारी आहे, बहिरी नाही."

मी नळीतून बुडबुडे येताना बघत होते. "आता सोड."

"आधी धर म्हणतेस, मग सोड म्हणतेस. नवऱ्यालाही असंच करायचीस, म्हणून पळाला."

चारही चाकं झाली तेव्हा ती घामाने भिजली होती आणि ओठ निळे दिसत होते. मी तिला उचलून आत नेलं. वजनच नाही रे तिला. उशीला टेकवल्यावर तिने विचारलं, "आता धरतील का?"

"धरतील," मी म्हटलं. मला खात्री नव्हती.

संत्री तिला चालत नाहीत, पोटॅशियम असतं. तिने एकाचं साल काढून घेतलं आणि उशाशी ठेवलंय. मधूनमधून वास घेते.

गाडी मी एकटीने पाणवठ्यापर्यंत खाली नेऊन पाहिली. थांबली. पण तो उतार किती तर लहान मुलाच्या घसरगुंडीएवढा. ट्रक कालपासून बंद झालाय. उद्या सोमवार, उद्या आईला न्यायचंय, आणि घाटात बर्फ भुरभुरतोय. झोप येणार नाही हे आत्ताच माहीत आहे.

रुमेना


२१ नोव्हेंबर, दवाखान्यातून

क्रुम,

हे आईच्या पलंगाशेजारी बसून लिहिते आहे. म्हणजे पोचलो, हे तुला कळलंच. तरी सगळं सांगते.

निघाल्यापासून माझे दात एकमेकांवर आपटत होते. थंडी म्हणून खपवलं. प्रत्येक वळणाआधी मी पेडल थोडं दाबून बघायचे, धरलंय ना, पुन्हा दाबून बघायचे. दिवे विझलेले होते. पंप एकदा घुं झाला आणि गप्प बसला. मग सेंट पेत्काचं देऊळ दिसलं. मला वाटलं, आत्ता दिवे पेटतील, आत्ता दगड लागेल पायाला. मी डोळे मिटले असते, पण आई शेजारी होती. दाबलं. मऊ, खोल, जसं असावं तसं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बर्फावर एकदा थरथरली आणि उभी राहिली.

मागून भाजीचा टेम्पो आला आणि हॉर्न वाजवत सुटला.

"काय गं, पोचलो?" आईने विचारलं.

"नाही."

"मग थांबलीस कशाला?"

"थांबता येतं म्हणून," मी म्हटलं, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. टेम्पोवाला उतरून आला, खिडकीवर टकटक करून म्हणाला, "बाई, मेलीबिली आहेस की काय?" आईने माझ्यापलीकडून हात लांब करून काच खाली केली आणि त्याला सांगितलं, "तिचे ब्रेक लागलेत. तुला काय त्रास होतो?"

बाकीचा घाट कसा उतरले ते नीट आठवत नाही.

आता ती मशीनला जोडलेली आहे. नळ्यांतून तिचं रक्त बाहेर जातंय आणि परत येतंय. ती डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली. एवढ्यात म्हणाली, "कुणाला लिहितेस?"

"क्रुमला."

"काय लिहितेस?"

"ब्रेक नीट झाले म्हणून. त्याच्या रिंगा बसल्या. आता काळजी नाही."

तिने डोळे उघडले. "तसं नको लिहूस."

"मग कसं लिहू?"

"अजून गळतायत म्हणून लिही. नीट झाले म्हटलंस की तो म्हणेल, संपलं काम. पार्सलही यायचं नाही मग."

"अगं, सगळं खरं लिहून झालंय वर."

"मग खाली लिही," ती म्हणाली. "मला वाचून दाखव."

ती बघते आहे माझ्या हाताकडे. तेव्हा लिहिते.

ब्रेक अजून गळतायत, क्रुम. घाटात बर्फ पडलाय. आम्हा दोघींना फार भीती वाटते. तू ये.

रुमेनाताई